‘फक्त संशोधनासाठी ठेवलेलं’: सरकारी संकेतस्थळांची सुगम्यता आणि सवलतींचा इतिहास

एखाद्या शासकीय संकेतस्थळावरून जुना शासन निर्णय उतरवून घ्या. पीडीएफ उघडा आणि त्यातली एक ओळ माउसने निवडून दुसरीकडे चिकटवा. ओळ मराठीतच दिसली, तर तुमच्यासमोर मजकूर आहे. ओळ निवडलीच गेली नाही, तर तो कागदाचा नुसता फोटो आहे. आणि ओळ निवडली गेली, पण चिकटवल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर आहे, पण जुन्या फॉन्टात अडकलेला.

ही चाचणी अर्ध्या मिनिटाची. डोळ्यांनी वाचणाऱ्याला या तीन कागदांत काहीच फरक जाणवत नाही. पण स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अवलंबून असलेल्या अभ्यासकासाठी पहिला कागद उघडा असतो, दुसरा बंद असतो आणि तिसरा म्हणजे निव्वळ बडबड.

सरकारनं जे प्रसिद्ध करायचं ते सगळ्यांना वाचता येईल अशा रूपात करावं, हा नियम गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक देशांत आला. आपण संशोधक मंडळी अशा विषयाकडे वळलो की पहिल्यांदा नियम वाचतो: मानक कुठलं, मुदत कधीची, दंड किती. मी आज उलट्या बाजूनं जाणार आहे. प्रत्येक नियमासोबत सवलतीही आल्या. त्या कुणाला मिळाल्या, कुठल्या कारणानं, आणि ते कारण कुणाला लेखी द्यावं लागलं, याचा इतिहास पाहू. माझा मुद्दा असा आहे की ज्या देशात सवलत घेणाऱ्याला लिहून कारण द्यावं लागलं, तिथे नियमाला दात आले. आणि जिथे सवलत न लिहिताच मिळत राहिली, तिथे नियम कागदावर कितीही कडक असला तरी फारसं बदललं नाही. शिवाय यातली एक सवलत थेट आपल्या, म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या, दारात येऊन थांबते.

सवलतींचे तीन प्रकार

वेगवेगळ्या देशांचे कायदे वाचले की सवलतींची भाषा वेगळी दिसते, पण सोप्या मराठीत सांगायचं तर त्यांचे प्रकार तीनच.

पहिला: ‘झेपत नाही.’ खर्च किंवा श्रम आमच्या आवाक्याबाहेर आहेत.
दुसरा: ‘जुनं आहे.’ हा मजकूर नियम यायच्या आधीचा आहे.
तिसरा: ‘आमचं नाही.’ हा मजकूर दुसऱ्या कुणीतरी आमच्या संकेतस्थळावर टाकलेला आहे.

तिसऱ्याबद्दल इथे फार बोलणार नाही. पहिल्या दोघांचा इतिहास मात्र मोठा आहे, आणि त्यात ‘झेपत नाही’ हा थोरला भाऊ.

अमेरिका: ‘झेपत नाही’ हे लिहून द्या

अमेरिकेत १९७३ साली पुनर्वसन कायदा झाला. त्याच्या कलम ५०४ नं सांगितलं की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमात अपंगत्वामुळे भेदभाव चालणार नाही. कलम छोटं होतं, पण ते अमलात आणायची नियमावली जवळजवळ चार वर्षं सहीवाचून पडून राहिली. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय कार्यालयात ठिय्या दिला. ज्युडिथ ह्युमन या त्यांच्या नेत्यांपैकी एक. जवळपास चार आठवडे शंभरावर माणसं त्या इमारतीत राहिली आणि २८ एप्रिल १९७७ रोजी मंत्र्यांनी सही केली.

पण सहीसोबत प्रश्नही आला: किती करायचं? १९७९ साली डेव्हिस खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं ‘अवाजवी आर्थिक आणि प्रशासकीय बोजा’ या अर्थाची भाषा वापरली. हा खटला एका नर्सिंग अभ्यासक्रमाला प्रवेश मागणाऱ्या, ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थिनीचा होता. संगणकाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तरीही आज संकेतस्थळांच्या नियमांत ‘बोजा’ हा शब्द दिसतो, त्याचं एक मूळ तिथे आहे. शब्दाचा इतिहास शोधताना विषयाची कुंपणं ओलांडावी लागतात, ती अशी.

१९८६ साली याच कायद्यात कलम ५०८ आलं. सरकारी खात्यांची इलेक्ट्रॉनिक साधनं अपंगांनाही वापरता यावीत, असं ते सांगत होतं. पण पाळलं नाही तर काय, याची धड सोयच नव्हती. त्यामुळे व्हायचं तेच झालं. बारा वर्षांनी, ऑगस्ट १९९८ मध्ये, ते कलम नव्यानं लिहिलं गेलं आणि त्यात तक्रारीची सोय आली. त्याखालची मानकं २१ डिसेंबर २००० रोजी प्रसिद्ध झाली आणि २१ जून २००१ पासून अंमलबजावणी सुरू झाली.

या मानकांत ‘झेपत नाही’ची सवलत होतीच, पण तिला अटी होत्या. बोजा अवाजवी आहे असं म्हणणाऱ्या खात्यानं नुसतं म्हणून चालणार नव्हतं. का आणि किती प्रमाणात बोजा पडतो, हे लेखी नोंदवायचं. खात्याकडची उपलब्ध साधनं विचारात घ्यायची. आणि बोजा खरा असला तरी ती माहिती त्या माणसाला दुसऱ्या मार्गानं द्यायचीच. म्हणजे सवलत संकेतस्थळाला मिळाली, माहिती द्यायच्या कर्तव्याला नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सगळ्यांनाच अशी कारणं द्यावी लागली असं नाही. राष्ट्रीय सुरक्षेच्या यंत्रणा पूर्णच वगळल्या होत्या. कुठली सवलत कारण मागते आणि कुठली मागत नाही, यावरून सत्तेचा तोल बराच कळतो.

सिडनी, २०००: आकडे तपासले गेले तेव्हा

लेखी कारण का महत्त्वाचं, हे दाखवणारं सगळ्यात चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे.

सिडनी ऑलिंपिकच्या आयोजन समितीचं संकेतस्थळ होतं. ही समिती न्यू साउथ वेल्स राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेली, म्हणजे सरकारी संस्थाच. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकानं जून १९९९ मध्ये मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली. मागण्या साध्या होत्या: चित्रांना मजकुराचं वर्णन द्या, खेळांच्या यादीपर्यंत पोचता येऊ द्या, निकालांचे तक्ते वाचता येऊ द्या. त्याच्या महिनाभर आधी, ५ मे १९९९ रोजी, वेब सुगम्यतेची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली होती. त्यामुळे ‘काय करायचं तेच माहीत नव्हतं’ म्हणायला फारशी जागा नव्हती.

समितीनं ऑस्ट्रेलियन कायद्यातल्या ‘असमर्थनीय अडचण’ या सवलतीचा आधार घेतला. काम एका माणसाला वर्षभराहून जास्त पुरेल आणि सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील, असं सांगितलं. तक्रारदाराच्या बाजूच्या तज्ज्ञांनी तेच काम मोजलं आणि छोट्या गटाला काही आठवडे पुरेत असं उत्तर दिलं. २४ ऑगस्ट २००० रोजी आयोगानं समितीचा दावा फेटाळला. समितीनं पुरेसं काही केलं नाही, म्हणून त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आयोगानं मॅग्वायरना २० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली. तोवर ऑलिंपिक संपलं होतं.

या प्रकरणाकडे ‘अंध माणूस जिंकला’ एवढंच म्हणून पाहिलं जातं. संशोधक म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ‘झेपत नाही’ हे वाक्य जोवर हवेत असतं तोवर ते अजिंक्य असतं. त्याला आकडा जोडला की तो तपासता येतो. सवलतीची अट लेखी असते तेव्हा तिच्याविरुद्ध पुरावा उभा करता येतो, आणि पंचवीस वर्षांनी आपल्याला तो वाचताही येतो.

ब्रिटन, २०१८: ‘जुनं आहे’ला तारीख मिळाली

वेब जसं जुनं होत गेलं, तशी दुसरी सवलत मोठी झाली. लाखो पानं आणि फायली आधीच प्रसिद्ध झालेल्या, त्यांचं काय करायचं?

युरोपीय संघानं ऑक्टोबर २०१६ मध्ये सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांसाठी निर्देश काढला. त्यानुसार ब्रिटनची नियमावली २३ सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाली. नव्या संकेतस्थळांना एक वर्ष मिळालं, जुन्यांना दोन वर्षं, आणि मोबाइल ॲपना २३ जून २०२१ पर्यंत मुदत.

यातल्या सवलती तारखेसकट लिहिलेल्या आहेत. २३ सप्टेंबर २०१८ पूर्वीच्या पीडीएफ आणि वर्डसारख्या फायलींना सूट, पण चालू कामासाठी त्या लागत असतील तर नाही. म्हणजे जुना अर्जाचा नमुना आजही भरून घेत असाल, तर तो जुना आहे हे कारण चालणार नाही. २३ सप्टेंबर २०२० पूर्वीच्या ध्वनिचित्रफितींना सूट. चालू कामाला न लागणाऱ्या आणि २३ सप्टेंबर २०१९ नंतर न बदललेल्या संग्रहालाही सूट.

‘झेपत नाही’ही आहेच. ते म्हणण्याआधी संस्थेचा आकार आणि साधनं, अंदाजे खर्च, आणि अपंग व्यक्तींना होणारा फायदा हे सगळं तोलून पाहावं लागतं. युरोपीय निर्देशाच्या प्रस्तावनेत तर स्पष्टच लिहिलंय की प्राधान्य नव्हतं, वेळ नव्हता किंवा माहिती नव्हती, ही कारणं धरली जाणार नाहीत. सरकारी कचेरीत नेहमी ऐकू येणारी तिन्ही उत्तरं आधीच रद्द केलेली!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक संस्थेनं सुगम्यता निवेदन प्रसिद्ध करायचं. आमच्या संकेतस्थळावर काय वाचता येत नाही, का नाही, आणि त्याऐवजी काय मिळेल, हे त्यात लिहायचं. अमेरिकेच्या २००१च्या नियमात कारण सरकारी फायलीत राहत होतं. इथे ते नागरिकासमोर आलं. डिजिटल प्रशासनाचा इतिहास लिहिणाऱ्यासाठी ही निवेदनं म्हणजे खाणच आहे.

चौथी वाट: काढूनच टाका

सवलतींचे तीन प्रकार सांगितले. पण व्यवहारात चौथी वाटही आहे, आणि ती कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. वाचता येत नाही अशी तक्रार आली की मजकूरच उतरवायचा.

कॅलिफोर्नियातलं बर्कली हे सरकारी विद्यापीठ. त्यांनी हजारो व्याख्यानं लोकांसाठी मोफत ऑनलाइन ठेवली होती, पण अनेकांना उपशीर्षकं नव्हती. गॅलॉडेट विद्यापीठातल्या दोन कर्णबधिर कर्मचाऱ्यांच्या तक्रारीवरून न्याय विभागानं ऑगस्ट २०१६ मध्ये बर्कलीला पत्र लिहिलं आणि नियमभंगाचा निष्कर्ष कळवला. मार्च २०१७ मध्ये विद्यापीठानं २० हजारांहून जास्त ध्वनिचित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. नियम पाळला गेला का? आकड्यात पाहिलं तर हो, कारण न वाचता येणारं काही उरलंच नाही. पण तक्रारदारांना काहीच मिळालं नाही, आणि बाकीच्यांकडे होतं तेही गेलं. काही लोकांनी दोष तक्रारदारांना दिला. तो अन्याय होता. ऐकू न येणाऱ्या माणसानं ‘मलाही शिकू द्या’ म्हटलं, ‘बंद करा’ म्हटलं नव्हतं.

हे प्रकरण मनात ठेवून अमेरिकेचा २०२४चा नियम वाचा. राज्य सरकारं आणि स्थानिक संस्थांच्या संकेतस्थळांसाठी न्याय विभागानं तो २४ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध केला. त्यात पाच अपवाद आहेत. २०२३च्या मसुद्यात मात्र शाळा-विद्यापीठांच्या पासवर्डमागच्या अभ्याससाहित्यालाही सवलत द्यायचा विचार होता. अंतिम नियमात ती वगळली. मसुदा आणि अंतिम नियम शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्या, कारण कुणाचा आवाज पोचला आणि कुणाचा नाही हे त्या दोन कागदांमधल्या फरकात दिसतं.

आता त्या पाचांतला पहिला अपवाद पाहू: संग्रहित मजकूर. कुठला मजकूर संग्रहित मानायचा? जो मुदतीच्या तारखेपूर्वी तयार झालाय, नंतर बदललेला नाही, वेगळ्या संग्रह विभागात ठेवलाय, आणि जो केवळ संदर्भ, संशोधन किंवा नोंदी जतन करण्यासाठी ठेवलाय.

परत वाचा. केवळ संशोधनासाठी.

कायदा करणाऱ्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. आज पाणीपट्टी भरणाऱ्याला, दाखला काढणाऱ्याला आधी सोय मिळावी. १९९८ सालच्या सभेचं इतिवृत्त कोण वाचणार? तर संशोधक. आणि संशोधक अंध असेल, हे त्या वाक्याच्या कल्पनेतच नाही. जुनं ते सोनं असं आपण म्हणतो, पण कायद्याच्या लेखी जुनं ते सुटलं. अंध नागरिकाला सेवा मिळेल, पण त्या सेवेचा इतिहास लिहायचा तर त्यानं दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावेत, असा याचा अर्थ होतो. कुणी मागणी केली तर माहिती पोचवायचं कर्तव्य अमेरिकेत संपत नाही, हे खरं. पण संशोधनात आपण एक कागद मागत नाही. शंभर कागद चाळतो, त्यातला एक उपयोगी निघतो. चाळण्यासाठी अर्ज करता येत नाही.

भारत: सवलत लिहिलीच नाही

आता आपल्याकडे येऊ. इथली गोष्ट उलटी आहे.

१९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमात वाहतूक, रस्ते, इमारती यांच्याबद्दल तरतुदी होत्या, पण त्यांच्यासोबतच आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत, अशा अर्थाची मोकळीकही होती. तेव्हा वेबचा प्रश्नच नव्हता. १ ऑक्टोबर २००७ रोजी भारतानं अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्र कराराला मान्यता दिली. २००९ साली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांत काही बाबी अनिवार्य, काही सल्लावजा आणि काही ऐच्छिक होत्या.

मग आला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि १५ जून २०१७ रोजी त्याखालचे नियम आले. नियम १५ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट होत्या. संकेतस्थळं वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असावीत. आणि संकेतस्थळावर ठेवायचे दस्तऐवज ईपबमध्ये किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे मजकूर ओळखलेल्या, पीडीएफमध्ये असावेत.

ब्रिटनशी तुलना करा. आपल्या नियमाच्या त्या ओळीत जुन्या फायलींसाठी तारीख नाही, संग्रहाला अपवाद नाही, ‘झेपत नाही’ची अट नाही. कागदावर आपला नियम ब्रिटनपेक्षा कडक! मग लेखाच्या सुरुवातीची चाचणी इतक्या वेळा का फसते?

याचं एक उत्तर अनेक केंद्र सरकारी संकेतस्थळांच्या सुगम्यता निवेदनातच सापडतं. वर्षानुवर्षं एकाच साच्याचा मजकूर तिथे दिसत आला आहे. आमचं संकेतस्थळ सर्वांसाठी आहे असं सांगून झाल्यावर पुढे कबुली येते की पीडीएफ फायली सध्या सुगम्य नाहीत आणि हिंदीतली माहितीही सुगम्य नाही. कारण नाही, तारीख नाही, पर्याय नाही. ‘सध्या’ कधीपासून आणि कधीपर्यंत, तेही नाही. राजभाषेतली माहितीच वगळणारी ही सवलत कुठल्या कायद्यानं दिली? कुठल्याच नाही. ती घेतली गेली, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर चिकटवत नेली गेली.

ब्रिटनचं निवेदन आणि हे निवेदन, नावाला दोन्ही एकच. पण एकात संस्था उत्तर देते, दुसऱ्यात हात झटकते.

२०२४ मध्ये यावर न्यायालयाचं बोट पडलं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांनी २००५ सालीच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयानं नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा ‘केलंच पाहिजे’ म्हणतो आणि नियम मात्र ‘करावं’ अशा शिफारशींवर थांबतो, हे चालणार नाही, असा त्याचा रोख होता. किमान अनिवार्य निकष वेगळे काढा आणि ते तीन महिन्यांत ठरवा, असं सरकारला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयानं एक पाऊल पुढे टाकलं आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

रतुरी निकालातला एक भेद आपल्या कामाचा आहे. सुगम्यता ही आधीची गोष्ट आहे: माणूस यायच्या आधीच रस्ता तयार हवा. वाजवी सोय ही नंतरची गोष्ट: माणूस आला, अडला, त्यानं मागितली, मग दिली. आपल्याकडे सरकारी कागदांच्या बाबतीत पहिलीची जागा दुसरीनं घेतली, आणि तीही मागेल त्यालाच.

मराठी कागद आणि मोडी

युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. तरी आपल्या कचेऱ्यांत कितीतरी वर्षं वेगळ्याच पद्धतीचे फॉन्ट चालले. त्यात संगणकाच्या पोटात साठवलं जातं रोमन अक्षर, आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढतो. डोळ्यांना ‘शासन निर्णय’ दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र असंबद्ध रोमन अक्षरं मिळतात. पीडीएफमध्ये मजकूर आहे, म्हणून ओसीआरची गरज नाही असं वाटतं, आणि फाइल तशीच राहते. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या तपासण्यांत हा दोष सहज निसटतो. त्याला मी भाषेनं दिलेली सवलत म्हणेन: कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही, तरी लागू आहे.

जुना मजकूर मराठीत सुगम्य करता येतच नाही का? येतो. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश संगणकयुगाच्या आधीचा. तो आज राज्य सरकारच्या संकेतस्थळावर युनिकोड मजकुराच्या रूपात आहे. त्यातली नोंद शोधता येते, कॉपी करता येते, ऐकता येते. कुणीतरी ठरवलं, पैसे दिले, काम झालं.

अवघड उदाहरण मोडीचं. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरासारखी सामग्री मोडीत आहे. युरोपीय नियमांत अशा वारसा संग्रहांसाठी खास सवलत आहे. हस्तलिखितातून मजकूर सहज काढणारी, परवडणारी स्वयंचलित सोय नसेल, तर सूट. ही मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण ती स्वतःची मुदत स्वतःच सांगते. तंत्र आलं की सवलत गेली. मोडीचं यंत्रवाचन अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे, त्यामुळे आज हे कारण खरं आहे. दहा वर्षांनी ते खरं असेलच असं नाही. १९८५ साली टंकलिखित केलेल्या परिपत्रकाच्या फोटोला मात्र हे कारण आजही लागू पडत नाही.

तुमच्या संशोधनासाठी

हा विषय घ्या किंवा घेऊ नका, पण यातून चार कामाच्या गोष्टी नेता येतील.

१. कुठलाही कायदा अभ्यासताना अपवादांचं कलम आधी वाचा. त्यात तारीख, कारण आणि जबाबदार अधिकारी यांपैकी काय आहे आणि काय नाही, याचा तक्ता करा. या लेखातला बहुतेक युक्तिवाद त्या तक्त्यातून निघतो.

२. मसुदा आणि अंतिम रूप दोन्ही मिळवा. गाळलेली ओळ हाही पुरावा असतो.

३. निवेदनं, धोरणं, ‘आमच्याविषयी’ची पानं कंटाळवाणी वाटतात, पण तीच साधनं आहेत. एकच वाक्य किती संकेतस्थळांवर आहे हे नुसतं मोजलं, तरी प्रशासन कसं चालतं याबद्दल एक प्रकरण होईल. पाहिल्याची तारीख नोंदवा आणि प्रत ठेवा. बर्कलीची गोष्ट आठवा: आज आहे ते उद्या असेलच असं नाही.

४. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ७(४) माहीत करून घ्या. ज्ञानेंद्रियांचं अपंगत्व असलेल्या व्यक्तीला माहिती मिळवण्यासाठी, अगदी अभिलेख पाहण्यासाठीसुद्धा, साहाय्य करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. हे मागून मिळणारं साहाय्य आहे, रस्ता नव्हे. तरी रस्ता होईपर्यंत ते वापरायला हवं, आणि नाकारलं तर ते लेखी घ्यायला हवं. तो नकारसुद्धा पुढच्या अभ्यासकाचं साधन होईल.

आणि एक काम आपल्या हातातलं. आपण संशोधक स्वतः कागद स्कॅन करून एकमेकांना पाठवतो, संग्रह तयार करतो, प्रबंध विद्यापीठाच्या भांडारात टाकतो. तिथे कुणी नियम लावत नाही, म्हणजे आपणही न लिहिलेल्या सवलतीवरच जगतो. प्रबंध सादर करण्यापूर्वी पीडीएफमधली एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवून पाहा. मराठीच दिसली, तर तुमचं लिखाण अशा वाचकापर्यंतही पोचेल ज्याला आजवर ‘फक्त संशोधनासाठी ठेवलेलं’ काहीच उघडता आलेलं नाही.